सासऱ्यांची गाडी आणि ब्रीदरची नळी

आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी सासऱ्यांचा उजवा गुडघा रुसला तो कायमचाच, आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली.

लग्नात मी काही घेतलं नव्हतं. खर्ड्याच्या विहारात, पन्नासेक माणसांत, पांढऱ्या कपड्यांत आमचं लग्न झालं. 'मुलाला काय पाहिजे?' या प्रश्नाला माझ्या वडिलांनी 'मुलगी' एवढंच उत्तर दिलं होतं. त्यामुळे सासऱ्यांकडून काही घ्यायचं म्हटलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण ही गाडी नाकारता आली नाही. साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, जुन्या घडणीची, किकवर चालू होणारी. गुडघा गेलेल्या माणसाला ती किक म्हणजे शिक्षाच. सासरे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. घरात ते एकटे, आणि अंगणात ती गाडी.

गाडी न्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा त्यांनी ती पहाटेच धुऊन ठेवली होती. टाकीवर मऊ फडकं फिरवत ते म्हणाले, "पाव्हणं, हिनं मला कधी रस्त्यात सोडलं न्हाई. तुमी बी हिला सोडू नका."

मी मान हलवली. बायको आत गेली आणि पांढऱ्या ठिपक्यांची पोपटी साडी बदलून चॉकलेटी साडी नेसून आली. मला वाटलं, प्रवासासाठी बदलली असेल.

मी तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर होतो. अजूनही तिथंच आहे, फक्त आता लेथवर कमी आणि नव्या पोरांना शिकवण्यात जास्त वेळ जातो. सुप्याहून खर्डा म्हणजे नगर, चांदणी चौक, मग जामखेड रोड धरून चिचोंडी, कडा, आष्टी, जामखेड आणि पुढे खर्डा. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. महिन्यातून एकदा तरी आम्ही जायचो. ती माझ्यामागे डाव्या बाजूला पाय सोडून बसायची, हातात डबा, डब्यात सासऱ्यांसाठी काहीतरी.

गाडीला एक खोड होती. डाव्या बाजूला पायटाच्या, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीच्या, मागे इंजिनातून एक रबरी नळी खाली आलेली असायची. तिच्यातून तेलाचा बारीक फवारा उडायचा, डोळ्यांना दिसायचाही नाही. पन्नास किलोमीटर गेलं की सायलेन्सरवर, मागच्या चाकावर, आणि बायकोच्या साडीच्या काठावर बारीक तपकिरी ठिपके पडलेले असायचे. ती काही बोलायची नाही. घरी आली की साडी भांड्याच्या साबणात भिजवायची. मी दोनदा म्हटलं, "मामांना विचारू का?" सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. ती म्हणाली, "नको. जुनी गाडी आहे, चालायचंच." दिलेल्या गाडीला नावं ठेवणं जावयाच्याही जिवावर येतं. मीही गप्प बसलो. अशी तीन वर्षं गेली.

मग एका वर्षी बुद्धपौर्णिमेला खर्ड्याला गेलो. त्या दिवशी पांढरं नेसायचं असतं. ती नवी पांढरी साडी नेसली होती, बारीक निळ्या काठाची. मी म्हटलं, साडी पिशवीत घे, तिथं जाऊन बदल. पण निघायला उशीर झाला होता, आणि बुद्धवंदना सकाळी लवकर होती. तिनं पायांवर जुना टॉवेल गुंडाळला. कडा गावाच्या पुढं वाऱ्यानं टॉवेल सुटला आणि कुठं पडला ते कळलंही नाही.

विहारात पोचलो, तेव्हा तिच्या साडीच्या डाव्या बाजूला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तेलाचा पंखा उमटला होता. वंदनेला सगळ्या बायका पांढऱ्याशुभ्र उभ्या, आणि ही डावा पाय मागे घेऊन, पिशवी पुढे धरून. शेजारच्या बाईनं विचारलं, "अगं, हे काय लागलं?"

"सुप्याकडं रस्त्याचं काम चालू हाय ना, डांबर उडालं," ती म्हणाली.

सुप्याकडं रस्त्याचं काहीही काम चालू नव्हतं. मी खाली बघितलं. सासरे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनीही ऐकलं, आणि म्हणाले, "डांबर घासलेटानं निघतं."

परत येताना मला स्वतःचाच राग आला होता. रोज लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरणारा माणूस मी, आणि मला एक नळी आवरत नाही! दुसऱ्याच दिवशी, सुट्टी होती, मी नळी काढली, तिच्या तोंडात एक बोल्ट घट्ट बसवला आणि वरून क्लिप आवळली. तेल येतं ना? येऊच देत नाही. बायकोला म्हटलं, "झालं काम." 

त्या संध्याकाळी मी नगरला निघालो. कामरगावच्या पुढं पोचलो आणि उजव्या पायाला गरम लागलं. खाली बघितलं तर बूट तेलानं भरला होता. गाडी बाजूला घेतली. इंजिनाच्या उजव्या बाजूचं ऑइल सील आपल्या जागेतून बाहेर येऊन लोंबत होतं आणि त्या भोकातून तेल धारेनं रस्त्यावर जात होतं. इंजिन बंद केल्यावरही ते थोडा वेळ ठिबकत राहिलं. मी तिथं रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. या गाडीनं त्यांना कधी रस्त्यात सोडलं नव्हतं. मला सोडलं होतं, आणि चूक तिची नव्हती.

कांदा उतरवून परत चाललेला एक टेम्पो थांबला. गाडी वर चढवली, घरी आणली. मी बायकोला म्हटलं, "मामांना सांगू नकोस. सील मिळालं की मी बसवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं वडिलांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे एसटीनं सुप्याला उतरले. हातात खाकी कापडाची हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. फाट्यावरून आमच्या खोलीपर्यंत चालत आले होते. पाणी प्यायले, चहा प्यायले, आणि मग बाहेर गाडीपाशी पाटावर बसले. मी शेजारी उभा. त्यांनी लोंबतं सील बोटानं फिरवून पाहिलं, मग डावीकडं वाकून ती नळी हातात घेतली. बोल्ट दिसला.

"ह्यो कुनी ठोकला?"

"मी," मी म्हटलं.

"का?"

 बायको दारात उभी होती. मीच म्हटलं, "मामा, नळीतून तेल उडतं. हिच्या साड्या खराब होतात. परवा विहारात जे होतं, ते डांबर नव्हतं."

ते माझ्याकडं न बघता मुलीकडं बघत राहिले.

"कवापासनं उडतंय?"

"आणली तेव्हापासून," मी म्हटलं.

"तीन वर्सं? आन मला कुनी बोललं न्हाई?"

 ते नळीच्या तोंडाकडं बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई गाडीवर बसायची तवा सदा काळी नायतर चॉकलेटी साडी नेसायची. मी म्हनायचो, अगं, जरा उजळ नेस. ती म्हनायची, मला ह्योच रंग आवडतो." मग मान वर करून त्यांनी मुलीला विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

"व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. आमच्या घरात ती माझ्यासारखं बोलायची, पण वडिलांशी, म्हणजे तिच्या आण्णांशी, बोलताना तिची खर्ड्याची बोली परत यायची. "आईनं सांगितलं हुतं, आण्णाला काय बोलायचं न्हाई. त्यांचा जीव हाय गाडीत. डाग काय, धुतला की जातो."

सासऱ्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. एवढंच. मग पिशवीतून पाना काढला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, बसा खाली. उभ्या उभ्या काम व्हत न्हाई."

त्या दिवशी त्यांनी मला ते इंजिन समजावून सांगितलं. मी कारखान्यात लोखंड कापत होतो खरा, पण इंजिनाच्या आत काय चालतं हे मला वरवरच माहीत होतं. ते म्हणाले, पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची सगळी हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ही ब्रीदरची नळी. "तुमी ती बुजवली, मग दाब कुठं जानार? जिथं कच्चं हाय तिथनं निघाला." पिस्टन वर गेला की तीच हवा परत आत ओढली जाते. ती परत जाऊ नये म्हणून नळीच्या मुळाशी बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. हवा बाहेर जाताना चोच उघडते, आत यायला लागली की मिटते. त्यांनी ते रबर उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. बाभळीच्या सालीसारखं कडक झालं होतं. चोच अर्धी उघडी, तशीच गोठलेली.

"चोच मिटत न्हाई, म्हनून आत-बाहेर आत-बाहेर करतंय, आन प्रत्येक वेळी तेल घेऊन येतंय. पिस्टनच्या रिंगा थोड्या झिजल्यात, पन एवढं काय न्हाई," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "मी मेकॅनिक. आन माज्याच गाडीची चोच मी बघितली न्हाई."

नवं सील दोन दिवसांत मिळालं. नवं रबरही मिळालं असतं, पण त्यांना आता ते नको होतं. रबर परत कडक होणार, म्हणाले. कायमचा बंदोबस्त करायचा. ते खर्ड्याला परत गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. त्या उन्हाळ्यात सलग पाच रविवार ते एसटीनं आले. सकाळी निघायचे, दुपारी पोचायचे, दोन रात्री राहून मंगळवारी जायचे. एरवी सणाला बोलावलं तरी 'लेकीच्या घरी किती राहायचं' म्हणून दुसऱ्या दिवशी निघणारा माणूस.

पहिल्या रविवारी त्यांनी जीपच्या ब्रेकमधला एकाच बाजूनं हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणला होता, जामखेडच्या भंगारातून. आम्ही तो नळीत बसवला. गाडी जोरात असताना तो काम करायचा, पण हळू चालताना त्याची स्प्रिंग उघडायलाच तयार नव्हती. इंजिनाच्या सांध्यांतून पुन्हा तेलाचा घाम यायला लागला. मी म्हटलं, स्प्रिंग कापून मऊ करू. ते म्हणाले, कापा. कापली. मग तो मिटेचना. ते स्वतःशीच हसले. त्यांना हसताना मी तेव्हा जवळजवळ पहिल्यांदाच पाहिलं असेन.

दुसऱ्या रविवारी त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची पातळ पत्र्याची पाती होती, कार्ब्युरेटरच्या मागं असते ती. फुंकर मारली तरी हलायची. "ही उघडायला जोर लागत न्हाई," ते म्हणाले. पण ती बसवायची कशात? तिथं माझी पाळी आली. त्यांनी जमिनीवर खडूनं आकृती काढली, मी मापं घेतली. सोमवारी सुपरवायझरला विचारून भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तो तासला. काडेपेटीएवढी डबी, आत पातीला बसायला उतार, दोन्हीकडं नळीसाठी तोंडं. ती मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती उन्हात धरून, एक डोळा मिटून, आरपार पाहिली.

"हात चांगला हाय तुमचा," ते म्हणाले.

मला कारखान्यात चांगल्या कामाची सर्टिफिकेटं मिळाली आहेत. त्यांतली कुठली कुठं आहेत हे आज सांगता येणार नाही. हे वाक्य मात्र ऐकलं तसं आठवतं.

एका गोष्टीवरून आमचं वाजलंही. मला नळी सरळ मागं, चाकाच्या पलीकडं न्यायची होती, म्हणजे तेल पडलंच तर रस्त्यावर पडेल. त्यांना ती आधी वर, सीटच्या खाली न्यायची होती. मी म्हटलं, "मामा, वर नेलं तर लांबी वाढते. दाब अडेल."

"अडत न्हाई. नळी जाड घ्या. तेल जड असतं, वारा हलका. चढ आला की तेल दमून माघारी जातं, वारा पुढं जातो."

"पण—"

"पाव्हणं, घाटात लोडिंगचा ट्रक बघितला न्हाई का तुमी?"

मी वर नेली. त्यांचंच बरोबर निघालं.

वर सीटखाली एक बाटली बसवायची होती, उरलंसुरलं तेल साठायला. प्लॅस्टिकची लावली ती गरम होऊन चेंबली. बायको आमचा गोंधळ दारातून बघत होती. ती आत गेली आणि झाकणाला फिरकी असलेला स्टीलचा छोटा डबा घेऊन आली, वर तारेची घासणी. "हे आत कोंबा. कढईचं तेल घासणीला कसं चिकटून बसतं, निघता निघत नाही." सासरे तिच्याकडं बघून म्हणाले, "ही माज्या वर्कशॉपात असती तर मी लवकर रिटायर झालो असतो." डब्याला दोन भोकं पाडली, मी पितळी तोंडं डागून घेतली, घासणी आत बसवली. डब्यातून निघालेली बारीक नळी मागच्या मडगार्डच्या टोकाला नेली.

पाचव्या रविवारी परीक्षा घ्यायची ठरली. बायकोनं तिची एक जुनी पांढरी ओढणी आणली आणि पायटापाशी, तिचा पाय असतो नेमका तिथंच, बांधली. सासरे म्हणाले, "मी बसतो मागं." मी म्हटलं, "गुडघा?" ते म्हणाले, "किक तुमी मारा, मी नुसता बसतो." बायको म्हणाली, "आण्णा, टोपी घाला."

सुप्याहून नगर आणि परत.  जाताना कामरगावच्या पुढं मी मागं वळून म्हटलं, "इथंच सील गेलं होतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परत येईपर्यंत काढला नाही. तो हात पकडीसाठी होता की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. खरं तर त्या वेळेपर्यंत माझे वडील सोडले तर कुणा मोठ्या माणसानं माझ्या खांद्यावर असा हात ठेवला नव्हता.

घरी आल्यावर ओढणी सोडली. धूळ होती. थोडा काळसर पट्टा होता, तो चेनचा. तेलाचा एकही ठिपका नव्हता. सासऱ्यांनी ती ओढणी दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरली. बराच वेळ बघितली. मग घडी घालून मुलीच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या आईनं बघायला पाहिजे हुतं." आणि ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. आम्ही चहा केला, पण त्यांना उठवलं नाही. केलेला चहा पातेल्यातच गार झाला, आणि आम्ही दोघं बाहेर गाडीपाशी पाटावर बसून राहिलो.

काम संपलं, तरी ते पुढे महिन्यातून एकदा यायचेच. डबा रिकामा करायचा असतो, हे निमित्त. थंडीत त्यात दुधी चहासारखं फेसाळ पाणी साठायचं, इंजिनातला दमटपणा. उन्हाळ्यात जेमतेम चमचाभर काळं तेल. दोन मिनिटांचं काम होतं आणि ते मला करता येत होतं. पण ते येईपर्यंत मी झाकणाला हात लावत नसे. ते पाटावर बसत, फिरकी उघडत, वास घेत, बोटावर घेऊन चोळत आणि निदान सांगत: "हिवाळा जास्त हाय," किंवा "लई हळू चालवता तुमी, जरा पळवत जा." मग जेवण, मग गप्पा. याच गप्पांत मला त्यांची नोकरी कळली, सासूबाई कळल्या, बायकोचं बालपण कळलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि सासऱ्यांशी मी तोवर 'बरं आहे ना', 'जेवलात का' याच्या पुढं गेलो नव्हतो.

आता ते सुप्याला येत नाहीत. दोन्ही गुडघे गेले, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि डाव्या डोळ्याला कमी दिसतं. आमच्याकडं राहायला या म्हटलं तर म्हणतात, खर्डा सोडून करमत नाही. आम्हीच जातो. बायकोनं स्कूटर घेतली आहे, बटणावर चालू होणारी, नोकरीला ती तिच्यावरूनच जाते. गाडी मी रविवारी काढतो. सुप्यात आता मोठमोठे कारखाने झालेत, आमची खोली होती तिथं गोडाऊन उभं राहिलं, आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पाटावर बसून कुणी गाडी खोलत नाही. वॉचमन दोनदा येऊन विचारतो, काय बिघडलंय.

मागच्या महिन्यात खर्ड्याला गेलो होतो. सासरे ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो, त्यांनी 'जय भीम' म्हटलं, आणि मी बसतो न बसतो तोच म्हणाले, "पाव्हणं, एक सांगायचंय. मागं तुमी ती खुर्ची आनली ना, पंख्याखाली बसायला, मऊ गादीची?"

"हो."

"तिच्यावर बसलं की माजी कंबर दुखती. सहा महिने झाले, बोललो न्हाई."

आत बायको हसायला लागली. मी खुर्ची उचलली, शेजारच्या खोलीत ठेवली, आणि जुनी लाकडी खुर्ची बाहेर आणली. ते तिच्यात टेकले, पाय लांब केले, आणि लेकीला म्हणाले, "चहा ठेव गं. साखर जरा जास्त."

"डॉक्टरांनी कमी सांगितलीय," ती आतून म्हणाली.

"म्हनून तर चोरून न घेता तुला सांगतोय."